हिवाळ्यात लेहला जाताना

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीत तेथे रात्रीचा पारा शून्याखाली १५ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. मनालीचा रस्ता बर्फाने बंद होत असल्याने बहुतेक पर्यटक विमानाने जातात. एकदम एवढ्या उंचीवर गेल्यावर विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन दिवस केवळ विश्रांती घ्यावी. डोकेदुखी, उलट्या वाढल्या किंवा बसल्या जागी धाप लागली, तर दुखणे अंगावर न काढता लगेच डॉक्टरांना गाठावे. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

एका जाड कोटापेक्षा कपड्यांचे तीन थर बरे: आत लोकरी थर्मल, त्यावर स्वेटर आणि बाहेर वारा अडवणारे जाकीट. सुती बनियन घामाने ओले राहते व थंडी अधिक वाजते. कानटोपी, हातमोजे विसरू नयेत. पायमोजे जास्तीचे घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच जीव जाऊ शकतो. निजण्यापूर्वी शेगडी बाहेर ठेवावी आणि आणखी एक रजई मागून घ्यावी.