‘बोर्ड गेला’ हे निदान नव्हे

वळवाच्या पावसात वीज कडाडली, दिवे गेले-आले आणि बैठकीतला अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला, की दुसऱ्या दिवशी दुकानात ठरलेला निकाल मिळतो : “वीज लागलीय, बोर्ड गेला, नवा घ्या.” घरचेही मान डोलावतात. ‘बटण बंद होतं, स्टॅबिलायझर होता, तरी गेला, म्हणजे आता काय उरणार?’ असा युक्तिवाद वर असतोच. तो मुळातूनच लंगडा आहे.

भिंतीवरचे बटण फक्त फेज तोडते. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेलेच राहतात. बटणातली फटही काही मिलिमीटरचीच, मोठा धक्का ती ओलांडू शकतो. स्टॅबिलायझरचे काम कमी-जास्त व्होल्टेज सावरण्याचे. त्यातला रिले हलायला काही मिलिसेकंद लागतात. विजेचा धक्का काही मायक्रोसेकंदांतच शिखर गाठतो. तेव्हा ही दोन्ही कवचे असूनही यंत्र बंद पडले, यावरून ते पुरते जळाले असे सिद्ध होत नाही. कवचे त्या कामाची नव्हती, एवढेच सिद्ध होते.

वीज थेट घरावर पडली असेल, बोर्डावरचे तांब्याचे पट्टे उडून कोळसा झाला असेल, तर दुकानदाराचे म्हणणे मान्य. पण असा आघात विरळा. बहुधा वीज जवळपास कुठेतरी पडते आणि तिचा धक्का मीटरकडून, केबलच्या किंवा डिशच्या तारेतून आत शिरतो. वाटेत आधी सापडतात ते फ्यूज, व्हॅरिस्टर, डायोड, नाहीतर एचडीएमआयचा भाग. स्पीकर तर अनेकदा शाबूत असतात. म्हणून खरा प्रश्न ‘काय गेले?’ याआधी ‘धक्का आला कुठून?’ हा आहे.

त्याचा शोध घरीच सुरू करता येतो. सगळ्या तारा काढा. सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून वीज येते का पाहा. मग अ‍ॅम्प्लिफायरला एकटा मोबाइल साध्या ऑडिओ वायरने जोडा. गाणे वाजले आणि टीव्हीचाच आवाज येत नसेल, तर संशय एचडीएमआयवर किंवा टीव्हीवर. सुटा केलेला स्पीकर तपासायला 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. ‘खट्’ ऐकू आले तर कॉइल जिवंत आहे. दिवा लागतो, पण नेहमीची रिलेची टिकटिक येत नाही, तर यंत्राने बहुधा स्वतःला संरक्षणासाठी अडवून धरले आहे.

इथून पुढे कारागिराचे काम. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही सुमारे 325 व्होल्ट साठलेले असू शकतात. झाकण उघडण्याची हौस नको. पण तो कारागीर जाणता आहे का, हे फ्यूजवरून ओळखता येते. काचेची नळी स्वच्छ आणि आत तार नुसती तुटलेली असेल, तर भार थोडाच वाढला असावा. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर पुढे शॉर्ट असण्याची दाट शक्यता. अशा जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणारा माणूस आगीला आमंत्रण देतो. जाणता कारागीर आधी सिरीज बोर्ड लावतो : ट्रान्सफॉर्मरवाल्या यंत्राच्या वाटेत 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, तर काळजी कमी. लख्ख पेटत राहिला, तर शॉर्ट.

पुढच्या वेळेसाठी उपाय एकच भरवशाचा : ढग गडगडू लागण्याआधीच प्लग आणि केबल, दोन्ही काढणे. पुण्याच्या आयआयटीएमचे ‘दामिनी’ अ‍ॅप विजेची सूचना देते. चांगले अर्थिंग नसेल, तर स्पाइक गार्डवर विसंबू नये.

दुकानदाराला मात्र तीन प्रश्न विचाराच : धक्का कुठल्या तारेने आला, नेमका कोणता भाग जळाला, तो बदलायला किती पडतील? खर्च नव्या यंत्राच्या जवळ जात असेल, तर खुशाल नवे घ्या. उत्तरेच मिळाली नाहीत, तर यंत्र उचला आणि दुसऱ्या कारागिराचे दुकान गाठा.