कैलास कोणी खोदला?

होटगीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. यंदा आठवीच्या मुलांना वेरूळच्या कैलास लेण्याचे चित्र काढायला दिले आणि खाली त्याविषयी चार ओळी लिहा म्हणून सांगितले. एका मुलाने लिहिले, ‘हे काम माणसाला शक्य नाही. परग्रहावरच्या लोकांनी यंत्राने हे लेणे कोरले.’ या मुलाचा बाप आमच्याच शिवारातल्या खाणीवर दगड फोडतो.

लाल पेन्सिल उचलली होती, पण फुली मारवेना. तीसएक वर्षांपूर्वी याच गावात मी स्वतः तेच बोलत हिंडत होतो. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस गृहस्थाचे १९६८ साली निघालेले पुस्तक मराठी रूपात माझ्या हाती आले आणि माझी झोप उडाली. रात्री जंक्शनच्या फलाटाच्या टोकाला जाऊन मी आभाळाकडे पाहत बसे. यायची ती फक्त मालगाडी.

हा लेखक हॉटेल चालवणारा होता म्हणून नाक मुरडणाऱ्यांतला मी नव्हे. मॅट्रिक आणि वर चित्रकलेची पदविका एवढ्या भांडवलावर मी कादंबऱ्या लिहिल्या. मग हॉटेलवाल्याने पिरॅमिडांवर का लिहू नये? त्याचा अपराध निराळा आहे. तो प्रश्न विचारतो आणि उत्तराला न थांबता पुढच्या पिरॅमिडावर उडी मारतो. शाळकरी वयात मला हे मोठे धाडस वाटे. आता पेपर तपासताना दिसते, की ही युक्ती प्रत्येक वर्गात दोघातिघांना साधलेली असते.

या पंथाचे आजचे शिष्य मोबाइलवर भेटतात. ते विचारतात, लाखो टन दगड अठरा वर्षांत कसा निघाला? वाचकहो, ही अठरा वर्षे आली कुठून? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची कारकीर्द साधारण इ. स. ७५६ ते ७७३. राजाची कारकीर्द तीच कामाची मुदत, असे ठरवून मंडळी मोकळी झाली! आवारातले कोरीवकाम त्याच्यामागेही पुढच्या राजांच्या काळात चालले होते, असे अभ्यासक सांगतात.

तरी घटकाभर अठराच धरू. पालकसभेला त्या मुलाचा बाप आला तेव्हा मी विचारले, नुसत्या छिन्नी-सुतकीने आपला काळा दगड किती निघेल? तो म्हणाला, ‘‘पंचवीस गडी लावा गुरुजी, दिवसाला एक ब्रास निघंल.’’ ब्रास म्हणजे शंभर घनफूट. माणशी चार पडले. मी दोनच धरले. कैलासाचे आवार सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद; मागचा कडा १०७ फूट. डोंगराचा उतार धरून निम्मे केले, तर पावणेतेवीस लाख घनफूट होतात. मधल्या मंदिराचा राखलेला दगड यातून वजा केलेलाच नाही. पाचशे माणसे लावली तर सव्वासहा वर्षे. सणवार, पावसाळे, दुखणीबाणी धरून दुप्पट करा. यात अंतराळयान कुठे अडले? शिवाय लेणे वरून खाली खोदत आणले, त्यामुळे शिखरासाठी परातीची गरज नव्हती आणि दगड वर चढवायचा नव्हता. दगड तरी कोणता? होटगीच्या खाणीत निघतो तोच, दख्खनचा लाव्हा.

काही जणांना परग्रहवासी नकोत, देवांची विमाने हवीत. त्यांनी बडोद्याचा ताम्रपट पाहावा. तो शके ७३४ चा, राष्ट्रकूट कर्कराजाचा. त्यात विमाने आहेत! पण विमानातले देव मंदिर बांधत नाहीत. खाली पाहून थक्क होतात. आणि ज्याने ते घडवले त्या शिल्प्यालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटते. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाने देवांना प्रेक्षकांत बसवले, कर्तेपण माणसाकडे ठेवले. आम्ही शिकलेसवरलेले मात्र ते काढून घ्यायला निघालो आहोत. युरोपातल्या मध्ययुगीन कॅथीड्रलांच्या कमानी पाहून या पंथाला अंतराळवीर क्वचितच आठवतात, हीही एक मौज.

नमुना हवा असेल तर आमच्याच जंक्शनवरून विजापूरमार्गे गदगची गाडी धरावी आणि बदामीला उतरावे. तिथून जवळच पट्टदकल आहे. तिथले विरूपाक्ष मंदिर कैलासाच्या आधीचे, चालुक्य राणी लोकमहादेवीने बांधवलेले, चिऱ्यावर चिरा रचून. कैलासाच्या मांडणीशी त्याचे साम्य नवशिक्यालाही दिसते. आणि तिथे बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात आहे: गुंड. राणीच्या दरबारातून त्याला सन्मान मिळाल्याचीही नोंद आहे. मी बदामीच्या गाडीत बसेपर्यंत चाळिशी उलटली होती. तोवर गुंडाचे नाव मला कोणी सांगितले नव्हते आणि डॅनिकेनचे मात्र तोंडपाठ होते.

पालकसभा संपल्यावर मी त्या बापलेकांना चित्रकलेच्या खोलीत नेले. वेरूळला काढलेला एक फोटो तिथे लावला आहे: कैलासामागच्या कड्यावरचे छिन्नीचे घाव. मुलगा उगाच उभा होता. बाप जवळ गेला, बोट टेकून एकेक घाव पाहू लागला. मग मान तिरपी करून म्हणाला,

‘‘ह्यो गडी डावखुरा हुता की, गुरुजी.’’

मुलगा पुढे सरकला. ‘‘कुठं?’’