थरारावर बंदी चालत नाही, अटी चालतात

साहसी खेळ परदेशात जाऊन बघावे लागतात, असं जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला कुणी सांगू नये. बैलगाडा शर्यतीत पुढे घोडी, मागे चार बैल, घाटाच्या दोन्ही कडांना माणसांची दाटी आणि काही सेकंदांत संपणारी बारी, हे निमगाव सावाच्या पंचक्रोशीत लहान पोरालाही ठाऊक आहे. रात्रीची करमणूकही इथे जुनीच. नारायणगावला तमाशाची पंढरी उगाच म्हणत नाहीत. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. तेव्हा पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेली इथली मुलं दहा-बाराच्या टोळक्याने थायलंड-व्हिएतनामला निघाली, दिवसा झिपलाइन आणि रात्री किनाऱ्यावरची पार्टी असा बेत आखू लागली, तर नाकं मुरडायचं कारण नाही. यात्रेतही दिवसा घाट आणि रात्री तमाशा असतोच. प्रश्न एवढाच, की काही वाईट घडलं तर जबाबदार कोण, हे आधी ठरलेलं आहे का?

बैलगाड्याचंच बघा. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला, 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बंदीच्या वर्षांत या भागातली शर्यतीची हौस काही विझली नाही. फरक पडला तो परवानगीनंतर. आता आयोजक म्हणून कुणाला तरी आपल्या नावाने अर्ज करावा लागतो, बैलांची तपासणी करून घ्यावी लागते. अटी सगळीकडे काटेकोर पाळल्या जातात असा दावा कुणी करणार नाही. पण मोडल्या तर विचारायचं कुणाला, हे तरी कागदावर आलं.

असा जबाबदार माणूस नसला की काय होतं, ते लाओसमधल्या वांग विएंग या गावाने दाखवलं. विहिरीत पोहायला शिकताना आपल्याकडे वापरतात तसली मोठी टायरची ट्यूब घ्यायची आणि नाम सोंग नदीत स्वतःला सोडून द्यायचं, एवढाच तिथला खेळ. पण काठाने दारूचे अड्डे उभे राहिले. ट्यूबवरच्या पोरांना दोर टाकून ओढून घ्यायचं, पाजायचं आणि मग उंच झोक्यावरून उथळ पाण्यात उडी मारायला मोकळं सोडायचं. 2011 या एका वर्षात तिथे किमान 27 पर्यटक दगावल्याच्या बातम्या आल्या. 2012 मध्ये सरकारने काठावरचे बार आणि झोके पाडले. नदी तीच राहिली आणि ट्यूबही चालू राहिल्या. घातक होता तो मधला दारूचा धंदा. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच गावात मिथेनॉलच्या विषबाधेने सहा परदेशी पर्यटक गेले. तेव्हा तर पाण्यात उतरण्याचाही प्रश्न नव्हता.

यावर कुणी म्हणेल, नियमांनी तरी कुठे जीव वाचतात? न्यूझीलंडने 2011 मध्येच साहसी खेळांच्या व्यावसायिकांना सुरक्षा तपासणी आणि नोंदणी सक्तीची केली होती. तरीही 9 डिसेंबर 2019 रोजी व्हाकारी बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि 22 जण मेले. आक्षेप खरा आहे. पण पुढचंही बघायला हवं. तिथल्या सरकारी यंत्रणेने एकूण 13 व्यक्ती आणि संस्थांवर खटले भरले, आणि नंतर नियम आणखी कडक झाले. नियमाने ज्वालामुखी थांबत नाही. त्यात माणसं घेऊन जाणाऱ्याला मात्र जाब द्यावा लागतो.

आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. मार्च 2018 मध्ये जुन्नर हा विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला, 2021 मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. जून 2024 मध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर जुन्नर-आंबेगावसह पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर जमावबंदीचे आदेश निघाले. अपुऱ्या मनुष्यबळाच्या प्रशासनाने त्या घडीला दुसरं काय करायचं, हे मान्य. पण दरवर्षी बंदी हीच व्यवस्था ठरली तर नाणेघाटात नोंदणीकृत वाटाड्या तयार व्हायचा कधी? आणि बंदी चुकवून जाणं म्हणजेच साहस, असं शिकलेलं पोर परदेशातही फलक बघून हसणारच.

टोळक्याचा प्रश्न आणखी अवघड. एकट्याला भीती वाटली तर तो मागे फिरतो. दहाजणांत मागे फिरणाऱ्याची चेष्टा होते. ‘सज्ञान मुलं आहेत, स्वतःच्या पैशाने जातात’ हे उत्तर इथे पुरत नाही, कारण अपघातानंतर खर्चाची धावपळ घरच्यांना करावी लागते. बहुतेक प्रवास विम्यांत साहसी खेळ जादा पैसे भरल्याशिवाय धरलेले नसतात आणि दारूच्या नशेत झालेली इजा तर सहसा वगळलेलीच असते. शिवाय खेळाआधी जो कागद सही करून घेतात, त्यात जोखीम तुमची असंच लिहिलेलं असतं. म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी विम्यात काय धरलंय आणि काय वगळलंय ते एजंटाकडून लेखी घ्या, आणि तिथला खेळ चालवणारा नोंदणीकृत आहे का ते विचारा. त्याने टाळाटाळ केली, तर एजंट बदला.