टँकरच्या पाठीवरचे चार आकडे



आज मधुमेह आणि थायरॉइड जरा बाजूला ठेवू. आज टँकरबद्दल लिहितोय. डॉक्टरचा आणि टँकरचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध असा, की महामार्गाजवळच्या कोणत्याही कॅज्युअल्टीत कधीही असा पेशंट येऊ शकतो, ज्याच्या अंगावर काहीतरी सांडलंय किंवा ज्याच्या छातीत काहीतरी गेलंय. आणि ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे त्याला आणणाऱ्या कुणालाच माहीत नसतं.

तळोजा, रसायनी-पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ, तारापूर, अंबरनाथ ही नावं तुम्हाला ओळखीची असतील. या सगळ्या ठिकाणी रसायनं बनतात किंवा वापरली जातात, आणि त्यातली बरीचशी रस्त्यानेच येतात-जातात. कारखान्याला निदान कुंपण असतं, सेफ्टी ऑफिसर असतो, भोंगा असतो. टँकर गेटबाहेर पडला की कुंपण संपलं. मग त्याच्या शेजारी तुमची गाडी असते, एसटी असते, शाळेची रिक्षा असते.

तर त्या टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक पाटी असते. आपण ती शेकडो वेळा पाहिलेली असते, वाचलेली मात्र नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर ती पाटी लावणं बंधनकारक आहे. रसायनाचं नेमकं तांत्रिक नाव किमान 50 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, धोक्याचा प्रकार दाखवणारं पतंगाच्या आकाराचं चिन्ह, अपघात झाल्यास कुणाला फोन करायचा तो नंबर, आणि माल पाठवणाऱ्या कंपनीचा किंवा तज्ज्ञाचा नंबर, एवढं त्यावर हवं. शिवाय तिथे चार आकडी यूएन क्रमांक लिहिलेला असतो. तो जगभर एकच असतो. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन, 1830 सल्फ्युरिक अॅसिड. ड्रायव्हर तमिळ असो की पंजाबी, आकडा तोच.

माझ्या लेखी हे चार आकडे औषधाइतकेच महत्त्वाचे आहेत. कसे ते एका पेशंटवरून सांगतो.

एका रात्री टँकरचा क्लीनर आणला गेला. व्हॉल्व्ह गळत होता, तो घट्ट करायला गेला आणि छाती-पोटावर द्रव सांडला. भाजल्यासारखं फारसं काही दिसत नव्हतं. ओठ मात्र निळसर, राखाडी. डोकं दुखतंय, गरगरतंय म्हणत होता. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर 85 दाखवत होता, आणि पूर्ण ऑक्सिजन लावूनही आकडा हलेना. छाती तपासली तर स्वच्छ. रक्त काढलं, ते चॉकलेटी रंगाचं. सोबत आलेल्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, "केमिकल होतं साहेब." बिल्टी गाडीत राहिली होती. पाटीवरच्या फोन नंबरची रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मग अपघाताच्या जागी असलेल्या वाहतूक पोलिसाने पाटीवरचा चिखल पुसून मोबाइलवर फोटो पाठवला. 1547. म्हणजे अॅनिलिन.

अॅनिलिन त्वचेतून शरीरात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं रूप बदलून टाकतं. अशा हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, म्हणून बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी उपयोग होत नाही. यावर मेथिलीन ब्लू नावाचं औषध आहे, ते शिरेतून हळूहळू देतात. रक्ताच्या रंगावरून शंका आलीच होती, पण तशाच रंगाला कारण ठरणारी रसायनं अनेक आहेत. त्या आकड्याने शंकेची खात्री झाली, आणि त्याचे कपडे कापून साबण-पाण्याने पुन्हा संपूर्ण अंग धुवायला हवं, तेही केसांसकट, हेसुद्धा कळलं. तासाभरात त्याच्या ओठांवर रंग आला.

आता हाच माणूस दुसऱ्या टँकरवर असता तर? त्यात हायड्रोफ्लुओरिक अॅसिड असतं, तर लागलं असतं कॅल्शियम. ते हाडापर्यंत उतरतं आणि रक्तातलं कॅल्शियम कमी करून हृदय बंद पाडू शकतं. अॅक्रिलोनायट्राइल असतं तर शरीरात सायनाइड तयार झालं असतं, त्याची औषधं वेगळी. कीटकनाशक असतं तर अॅट्रोपिन. मिथेनॉल पोटात गेलं असतं तर चोवीस तासांत नजर जाण्याची भीती, आणि त्यासाठी डायलिसिसची तयारी. सगळे पेशंट कागदावर सारखेच, "केमिकल अंगावर सांडलं". उपचार मात्र वेगवेगळे, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला कामाचा नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की रसायनांच्या वाहतुकीत आपण नको त्या जागी सगळा जोर लावतो. टँकर उलटला की पहिली बातमी 'चालकाचा ताबा सुटला' अशी येते आणि गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो. पण नियम वाचले, तर पहिली जबाबदारी माल पाठवणाऱ्याची आहे. गाडी त्या मालासाठी योग्य आहे का, प्रथमोपचाराचं सामान, संरक्षक साधनं आणि लागणारे उतारे गाडीत आहेत का, मालाची पूर्ण माहिती वाहतूकदाराला दिली का, हे पाहणं त्याचं काम. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये 'ट्रेम कार्ड' नावाचा कागद हवा. त्यावर रसायनाचा धोका, गळती झाली तर काय करायचं, प्रथमोपचार काय, हे लिहिलेलं असतं. नियमाने ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी आणि त्याने तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं हवं. प्रत्यक्षात ट्रेम कार्ड बहुतेकदा इंग्रजीत, बारीक टायपात, आणि बिल्टीच्या गठ्ठ्यात तळाशी. छातीत जळजळत असताना अंधारात ते कोण शोधणार?

आणि ड्रायव्हरचा ताबा का सुटतो, हेही बघा. पैसे बहुधा खेपेवर मिळतात, तासावर नाही. कारखान्याच्या गेटवर माल उतरवायला दहा-बारा तास ताटकळावं लागतं. तिथे धड संडास नाही, झोपायला जागा नाही. तो गेलेला वेळ मग रात्री घाटात भरून काढायचा. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 सालचा होता, त्यात दिवसाला आठ तास काम असं म्हटलं होतं. बोरघाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापून निकामी होतात. त्यात टँकर अर्धवट भरलेला असेल तर वळणावर आतला द्रव एका बाजूला धावतो आणि गाडीला ओढून पाडतो. पूर्ण भरलेला असेल तरी प्रश्न आहेच, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. स्पेनमध्ये 11 जुलै 1978 रोजी प्रमाणाबाहेर प्रोपिलीन भरलेला टँकर समुद्रकिनाऱ्यावरच्या लॉस आल्फाकेस या पर्यटकांच्या तळाजवळ फुटला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. चूक झाली होती ती भरताना, टँकर रस्त्यावर येण्याआधीच.

आपल्याकडेही उदाहरणं लांब शोधायला नकोत. 13 जून 2023 ला लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गाच्या पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटून पेटला. पेटता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला आणि खालून जाणारी, त्या टँकरशी काहीही संबंध नसलेली माणसंही होरपळली. चार जण गेले. 20 डिसेंबर 2024 ला जयपूरजवळ भांकरोट्याला एलपीजीच्या टँकरला धडक बसली. वायू रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. आसपासची वाहनं, बससुद्धा, त्यात सापडली.

टाकाऊ मालाची तर गोष्टच निराळी. विकायच्या मालाची निदान वाट पाहणारा कुणीतरी असतो. कारखान्याचं टाकाऊ रसायन मध्येच गायब झालं तर ते शोधणारा कुणी नसतो, आणि त्या टँकरवर खरी पाटी असण्याची शक्यताही कमी. 6 जानेवारी 2022 ला सुरतच्या सचिन जीआयडीसीत एका टँकरमधून पहाटे नाल्यात बेकायदा रसायन सोडलं गेलं. जवळ काम करणारे, झोपलेले सहा कामगार गुदमरून मेले. तिथे पोहोचलेल्या डॉक्टरांना कुणी चार आकडे दिले नव्हते.

सरकार काहीच करत नाही असं नाही. 1996 च्या नियमांनी जिल्ह्याजिल्ह्यात आपत्ती गट स्थापन करायला सांगितलंय. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांचा एकमेकांना मदत करणारा 'मार्ग' हा गट आहे. इंडियन केमिकल कौन्सिलच्या 'नाइसर ग्लोब' उपक्रमात टँकरवर जीपीएसने लक्ष ठेवण्याची आणि अपघातात मदतीची सोय आहे. पण ही सोय ऐच्छिक आहे, आणि मोठ्या कंपन्या ज्या शिस्तीने वागतात तीच शिस्त दोन टँकर असलेल्या छोट्या वाहतूकदाराकडे कुठून येणार? भाड्याच्या घासाघिशीत सगळ्यात आधी कापली जाते ती सुरक्षा. माल पाठवणाऱ्या कंपनीने भाडं ठरवतानाच विश्रांतीचा आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च त्यात धरला पाहिजे, असा नियम का असू नये? पाटीवरचा फोन रात्री तीनला उचलला जातो का, हे आरटीओने महिन्यातून एकदा लावून पाहायला काय हरकत आहे? याला ना निधी लागतो ना समिती. ट्रेम कार्ड मराठी-हिंदीत, मोठ्या अक्षरात, दरवाजाच्या आतल्या बाजूला चिकटवणं हे तर छपाईच्या खर्चाचं काम. आणि महामार्गावरच्या प्रत्येक ट्रॉमा सेंटरमध्ये मेथिलीन ब्लू, अॅट्रोपिन, कॅल्शियम ग्लुकोनेट आणि सायनाइडचे उतारे मुदत न संपलेले असावेत, त्या रस्त्याने काय काय जातं ते पाहून.

आता तुमच्यासाठी.

टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊ नका, व्हिडिओसाठी तर नाहीच. वारा कुठून येतोय ते झाडाच्या पानांवरून, धुरावरून बघा आणि वाऱ्याच्या येणाऱ्या बाजूला, चढावर लांब व्हा. एलपीजी, क्लोरीन हवेपेक्षा जड असतात, ते खोलगट जागेत, गटारात साचतात. दुर्गंधी नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. गाडी पुन्हा सुरू करू नका, काडी-सिगारेट नको, आणि वायूच्या टप्प्यात असताना मोबाइलही नको. सुरक्षित अंतरावर आलात की 112 ला फोन करा. पाटी लांबून दिसत असेल, मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचता येत असेल, तर ते चार आकडे सांगा. नसेल दिसत तर सोडून द्या, आकड्यासाठी जिवावर उदार होऊ नका. पाटीवर आणखी एक छोटा कोड असतो, हॅझकेम. त्याच्या शेवटी इंग्रजी ई अक्षर असेल तर आसपासची वस्ती हलवण्याचा विचार करा, असा त्याचा अर्थ. सरपंच, पोलीस पाटील यांना हे एक अक्षर ठाऊक असायला हवं.

सांडलेलं गोळा करायला धावणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. पाकिस्तानात बहावलपूरजवळ जून 2017 मध्ये उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल कॅनमध्ये भरायला लोक जमले, आग लागली आणि दोनशेहून जास्त जण गेले. फुकटचं तेल म्हणून घरी नेलेलं मिथेनॉल किंवा सॉल्व्हंट हासुद्धा असाच प्रकार. ते बाटलीत भरून ठेवलं की पुढे कुणीतरी चुकून पितं.

अंगावर सांडलंच तर कपडे ताबडतोब काढा, लाज नंतर. बरंचसं रसायन कपड्यांबरोबरच जातं. मग वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटं, डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ. अॅसिडवर सोडा, अल्कलीवर लिंबू, वर टूथपेस्ट, हळद, असलं काही लावू नका. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. ज्यावर पाणी ओतायचं नसतं अशीही काही रसायनं असतात, पण ते ओळखायला पुन्हा तेच चार आकडे लागतात. काढलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा आणि 108 वाल्यांना तसं सांगा, नाहीतर अॅम्ब्युलन्समधले लोकही पेशंट होतात.

आणि वायू छातीत गेला असेल तर, क्लोरीन असो की आणखी काही, दोन तासांनी बरं वाटतंय म्हणून घरी झोपायला जाऊ नका. फुप्फुसात पाणी साचायला कधीकधी बारा ते चोवीस तास लागतात. खोकला वाढला, आडवं पडल्यावर दम लागला, तर रात्रीच या आणि ड्युटीवरच्या डॉक्टरला कालच्या टँकरबद्दल आठवणीने सांगा.