शाळेची वेळ शाळेचीच

सार्वजनिक शाळांतील मुलांना ऐन शाळेच्या वेळेत धर्मशिक्षणासाठी बाहेर सोडण्याचे धोरण स्वीकारणे अमेरिकेतील ओहायो राज्याच्या प्रत्येक शाळामंडळास आता बंधनकारक झाले आहे. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी जानेवारी २०२५ मध्ये त्या विधेयकावर स्वाक्षरी केली. आणि ज्या वेस्टरव्हिलच्या मंडळाने, पालकांच्या तक्रारी ऐकून व अनुभव घेऊन, ऑक्टोबर २०२४ मध्ये हीच मुभा काढून घेतली होती, त्यालाही राज्याचा हुकूम मानून ती पुन्हा देणे प्राप्त आहे. स्थानिक मंडळाने विचारपूर्वक केलेला ठराव असा वरून रद्दबातल करणे हे आमच्या मते लोकशाहीच्या कारभारास शोभणारे नाही.

पालकांची लेखी संमती हवी, सरकारी तिजोरीतून खर्च नको, ने-आण व जबाबदारी धर्मसंस्थेची राहील, मुख्य विषयांचे तास बुडू नयेत, अशा अटी कायद्यात आहेत. त्यांनी मूळ दोष दूर होत नाही. मूल शाळेत येते ते राज्याच्या सक्तीने, गैरहजर राहिले तर पालकास जाब विचारणाऱ्या कायद्याच्या धाकाने. त्या सक्तीने एकत्र आणलेला मुलांचा समुदाय एखाद्या पंथाच्या स्वाधीन करणे, मग तो आठवड्यातून एकच तास का असेना, म्हणजे राज्याने आपला अधिकार पंथाला उसना देणे होय.

आणि मुख्य विषय वगळल्यावर उरते काय? चित्रकला, संगीत, ग्रंथालयाचा तास, मधली सुट्टी! ज्या घरात कुंचला नाही, वाद्य नाही, गोष्टीचे पुस्तक नाही, त्या घरच्या मुलाला या गोष्टी शाळेतच भेटतात; आणि त्याच नेमक्या निरुपयोगी समजून विधिमंडळाने दान करून टाकल्या आहेत. मागे राहिलेल्या मुलांचेही नुकसानच, कारण अर्धा वर्ग बाहेर असताना कोणताही विवेकी शिक्षक नवा पाठ घेत नाही. रविवार मोकळा आहे, रोजची सायंकाळ मोकळी आहे, चर्चची दारे उघडी आहेत. तरीही शाळेचीच वेळ हवी असा आग्रह धरला जातो, तो सक्तीची हजेरी तिथे आयती मिळते म्हणूनच.

ही प्रथा नवी नाही. इंडियाना राज्यातील गॅरी शहरी १९१४ साली विल्यम वर्ट या शिक्षणाधिकाऱ्याने ती सुरू केली. इलिनॉयमधील शॅम्पेन येथे धर्माचे वर्ग शाळेच्याच इमारतीत भरत. त्यांस न जाणाऱ्या एका मुलाला एकटे बसविले जाई, आणि त्याची आई वॉष्टी मॅककॉलम हिने दाद मागितल्यावर १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वर्ग घटनाबाह्य ठरविले. परंतु चारच वर्षांनी, झोराख खटल्यात, सहा विरुद्ध तीन मतांनी त्याच न्यायालयाने शाळेच्या आवाराबाहेरील वर्गांना मान्यता दिली. इमारत बदलली, सक्ती कायम राहिली! न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात अमेरिकेची बाजू मांडणारे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी भिन्नमतपत्रात म्हटले की, चर्चला न जाणाऱ्या मुलापुरती शाळा ही तात्पुरती बंदिशाळा होते. आमच्या मते त्या दिवशी न्याय अल्पमताकडे होता.

२०१८ मध्ये ओहायोतच स्थापन झालेली लाइफवाइज ही शाळेच्या वेळेत बायबल शिकविणारी संस्था झोराख निकालाच्या आधारावर अनेक राज्यांत पसरली आहे. पण दार एकदा उघडले की कोण आत यावे हे राज्यास ठरविता येत नाही. ओहायोतील मेरिसव्हिल येथे सेटॅनिक टेंपल या सैतानाला प्रतीक मानणाऱ्या संघटनेनेही याच मुभेवर आपला वर्ग सुरू केला आहे. पंथापंथांची ही ओढाताण लहान मुलांच्या वेळापत्रकावर व्हावी, याची जबाबदारी विधिमंडळावर आहे.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आमच्या भारतीय संविधानाने कलम २८ अन्वये, सर्वस्वी राज्यनिधीतून चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देण्यास मनाई केली आहे आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळांतही संमतीवाचून कोणास त्यात ओढता येत नाही. ज्या देशात असंख्य पंथ शेजारी शेजारी नांदतात त्या देशाने ही मर्यादा प्राणपणाने जपली पाहिजे, आणि इकडेही शाळेच्या तासांवर डोळा ठेवणाऱ्यांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, स्पष्ट नकार दिला पाहिजे.

धर्म शिकविण्याचा पालकांचा अधिकार आम्हांस पूर्ण मान्य आहे. त्यासाठी शाळा सुटल्यानंतरचा सारा वेळ त्यांचाच आहे. ओहायोच्या विधिमंडळाने ही सक्ती मागे घ्यावी, आणि वेस्टरव्हिलसारख्या मंडळांना नकार देण्याचा अधिकार विनाविलंब परत करावा.