अरे, त्याला वास तरी घेऊ द्या!

कुत्र्याला फिरवायला नेणं म्हणजे आपल्याकडे नक्की काय असतं? गेटबाहेर पडायचं, कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत जायचं, त्याचं ‘उरकलं’ की दहा मिनिटांत परत. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात मोबाईल. त्यानं मध्येच कुठे नाक खुपसलं की हिसका देऊन, “चल ना बे, काय आहे तिथं?” रोज तोच रस्ता, तोच खांब. उरलेला दिवस गेटपाशी नाहीतर गच्चीवर साखळीला. मग तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो, चपला फाडतो, कुंड्या उकरतो, आणि घरचे म्हणतात, फारच आगाऊ झालाय, देऊन टाका कुणाला तरी.

आगाऊ नाही हो, तो बोअर झालाय.

“काय आहे तिथं?” या प्रश्नाचं उत्तर त्याच्या नाकात आहे. आपल्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख. त्याच्याकडे जातीनुसार 30 कोटींपर्यंत. त्या खांबापाशी रात्री कोण येऊन गेलं, ओळखीचं की परकं, नर की मादी, हे तो वाचत असतो. तुम्ही रील बघताय आणि कुणी दर तीन सेकंदांनी फोन हिसकावून घेतोय, असं समजा. 2019 मध्ये डुरांटन आणि हॉरोविट्झ या दोन संशोधक बाईंनी एक प्रयोग केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे नाकानं खाऊ शोधायला लावलं, बाकीच्यांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला. नंतर दोघांसमोर अशा जागी वाटी ठेवली, की आत खाऊ आहे की नाही याचा अंदाज येऊ नये. नाक वापरलेली कुत्री तिकडे आधीपेक्षा लवकर गेली. म्हणजे स्वभाव थोडा आशावादी झाला, नुसत्या वासामुळे!

आणि हे फक्त लाडाचं प्रकरण नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा 1960 चा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये स्पष्ट लिहिलंय, की कायम साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तो मालकाचा गुन्हा. पहिल्या वेळचा दंड मात्र 10 ते 50 रुपये. एवढ्यात टपरीवर दोघांचा चहा-समोसाही होत नाही, त्यामुळे कायद्याची वाट बघू नका.

नवीन जागा म्हणजे ट्रिप नव्हे. सिव्हिल लाइन्समधल्या कुत्र्याला रामनगरची गल्लीसुद्धा परदेश असते. रोज उजवीकडे वळता, आज डावीकडे वळा. आणि आपल्या जिल्ह्यात वासांची काय कमी? मार्च-एप्रिलमध्ये गावाबाहेर मोहफुलं पडलेली असतात. दिवाळीनंतर धान कापून झालं की रिकाम्या बांधीत पेंढा, उंदरांची बिळं, ओली माती. शेतकऱ्याला विचारून धुऱ्यावरून चाला. राइस मिलच्या मागची गल्ली, कोंड्याचा तो उबट वास, आपण नाक मुरडतो तिथं तो अर्धा तास रमेल. आठवडी बाजाराचं मैदान दुसऱ्या दिवशी सकाळी तर त्याच्यासाठी मेजवानीच. फक्त हाडं आणि कॅरीबॅग तोंडात जाणार नाहीत, एवढं बघा.

“नव्या गल्लीत गेलं की तिथली चार कुत्री अंगावर येतात,” हे तुम्ही म्हणणार, आणि ते खरंच आहे. पळू नका, पट्टा ताणू नका, लांबूनच रस्ता बदला. पहाटेपेक्षा थोडी वर्दळ असलेली वेळ बरी. रेबीजची लस दरवर्षी, चुकवायची नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. डांबरावर उलटा तळहात सात सेकंद ठेवता आला नाही, तर त्यानं पंजे का ठेवावेत? घरी आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. नवीन जागा म्हणजे कुठलीही जागा नाही. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्या गोंदियात, आणि पावसाळ्यात त्याची घरटी धानाच्या बांधीत, तलावाच्या काठी असतात. तेव्हा तिकडे कुत्रा नेऊ नका, पट्ट्यासकटसुद्धा नाही. नागझिरा-नवेगावच्या जंगलाच्या कडेलाही नको. बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपी शिकार, हे एक. दुसरं, कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगलातल्या प्राण्यांनाही होतो. 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यातल्या काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला होता. त्याचीही लस असते, आणि तीही घ्यायचीच.

बाकी सगळं गाव तुमचंच आहे. उद्या कॉलेजला जायच्या आधी अर्धा तास काढा, फोन खिशात ठेवा, पट्टा थोडा लांब सोडा. कोणत्या गल्लीत वळायचं ते त्याला ठरवू द्या. एकाच दगडापाशी तो पाच मिनिटं थांबला, तर तुम्हीही थांबा.