तहान कोणाची?

वैशाखातील दुपारी चार वाजता स्वयंपाकघरात उभे राहणे ही आम्हा शिरोळकर गृहिणींची परीक्षाच असते. सूर्यास्ताच्या आत जेवण हा घराचा नियम. त्यामुळे इतर घरांत वामकुक्षी संपत असते, त्या वेळी आमच्याकडे कणीक मळून तयार असते. पंखा लावावा तर गॅसची ज्योत विझते, न लावावा तर जीव कासावीस होतो. त्यातच नळाला पाणी एक दिवसाआड, गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर साळुंक्यांचा डोळा, आणि ऐन वेळी दुकानातून निरोप, की दोघे व्यापारी जेवायला येत आहेत. अशी यादी आपणा सर्व भगिनींकडे असेल. यंदा मात्र माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर एक निराळेच दुःख होते. परसातील कढीपत्ता पिवळा पडू लागला होता.

हे झाड सासूबाईंनी लावलेले. ज्या घरात कांदा-लसूण येत नाही, तेथे फोडणीचा भार हिंग आणि कढीपत्त्यावर असतो, हे सांगायला नको. कढी, आमटी, पोहे, ताज्या कैरीचा तक्कू, सगळीकडे त्याचा हात लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी परसात शिरले, तेव्हाही हे झाड तगले होते. त्याने आता उन्हाळ्यात मान टाकावी, हे मला सोसवेना. चैत्रात दोन-चार पाने पिवळी दिसताच मी रोज एक बादली बोअरचे पाणी घालू लागले. पाने आणखी गळली. मी दोन बादल्या केल्या.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी पुण्याहून सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू सुट्टीला आले. वर्षभराने घरात मूल आले, की आजीच्या हाताला चैन कुठली! सकाळी शिरा, दहाला पन्हे, अकराला आमरस-पोळी, चारला खाऊचा डबा. पोरगे दोन घास खाई आणि ताट सरकवून देई. मी ताट घेऊन त्याच्या मागे अंगणभर फिरत असे. चौथ्या दिवशी सूनबाई हळूच म्हणाली, "आई, त्याला जरा भूक लागू द्या ना."

वाक्य साधे होते, स्वरही साधाच होता. मला मात्र ते लागले. मी काही बोलले नाही. पण त्या संध्याकाळी भांडी जरा जोरात वाजली. पुण्याच्या पद्धती शिकवायला आली, असे मनात म्हणाले. त्यानंतर दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फक्त कामापुरते बोलत होतो.

अशातच आमचे एक चुलत दीर सहज घरी आले. त्यांची नदीकाठाला शेती आहे. परसात हात धुताना त्यांची नजर झाडाकडे गेली. बुंध्याजवळ बसून त्यांनी बोट मातीत खुपसले. वर कोरडी, पांढुरकी पापडी होती, खाली चिखल. "वहिनी, ह्याला तहान नाही लागलेली," ते म्हणाले, "ह्याचा श्वास कोंडलाय."

मग त्यांनी मला जे समजावले, ते आपल्या तालुक्यातील शेतकऱ्याला ठाऊक असते. दुकानदाराच्या घरात मात्र आपण ते ऐकून सोडून देतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळी माती पाणी धरून ठेवते. रोज ओतत गेले, की तिच्यातील हवेची जागा पाणी घेते आणि मुळे कुजू लागतात. पाण्यात विरघळलेले क्षार असतात. ऊन पाण्याला वाफ करून नेते, क्षार मात्र मागे उरतात आणि वर येऊन साचतात. ती पांढरी पापडी त्यांचीच. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या आपल्या तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी पाजले गेले, निचरा झाला नाही, आणि सोन्यासारखी जमीन क्षारपड झाली. पाण्याच्या तुटवड्याने नव्हे, विपुलतेने! येथील श्री दत्त साखर कारखान्याने पुढाकार घेऊन अशा जमिनींत सच्छिद्र नळ्या पुरण्याचे काम केले. त्या नळ्यांतून जादा पाणी नाल्यात उतरते आणि पावसाबरोबर क्षारही धुऊन जातात. दिरांच्या शेतातही अशा नळ्या आहेत. पडीक पडलेल्या तुकड्यात त्यांनी पुन्हा ऊस घेतला आहे.

"पिवळं पान बघितलं की माणूस पाणीच घालतं," ते जाताना म्हणाले. "आधी माती बघावी."

त्या रात्री मला झोप आली नाही. नुकत्याच झालेल्या अक्षय तृतीयेची कथा मनात घोळत होती. भगवान ऋषभदेव आहारासाठी विहार करीत होते, तेव्हा लोक प्रेमाने हत्ती, घोडे, रत्ने घेऊन पुढे येत. भक्तीत उणेपणा नव्हता. पण यांना काय हवे आहे, हे कोणालाच उमगले नाही. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर हस्तिनापुरात राजा श्रेयांसाला ते उमगले, आणि उसाच्या रसाने पारणे झाले. लहानपणापासून ऐकलेली ही कथा मी नेहमी श्रेयांसाच्या बाजूने ऐकत आले होते. त्या रात्री प्रथमच वाटले, मी तर रत्ने घेऊन उभ्या असलेल्या लोकांत आहे.

सकाळी यजमानांना हे सांगितले. हिशेबाच्या वहीतून डोके वर न काढता ते म्हणाले, "गिऱ्हाईकाने न मागितलेला माल बांधून दिला, तर तो परतच येतो."

त्या दिवसापासून झाडाचे पाणी पंधरा दिवस बंद केले. वरची पांढरी पापडी खरवडून काढली, उताराकडे एक लहान चर खणला, बुंध्यापासून थोडे अंतर सोडून उसाचे पाचट पसरले. आता आठवड्यातून एकदा, तेही दोन पेरे खोलवर बोट घालून माती कोरडी लागली तरच, पाणी घालते. आणि बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली गोल फिरवून घालते. ताटाबाबतही तसेच केले. जेवणाच्या वेळा ठेवल्या, मधले डबे बंद केले. पहिला दिवस माझाच उपवास असल्यासारखा गेला. तिसऱ्या दिवशी पावणेसहाला नातू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "आजी, जेवायला वेळ आहे का अजून?" त्या संध्याकाळी त्याने ज्वारीची दीड भाकरी आणि वाटीभर आमटी खाल्ली. मी त्याच्या ताटाकडे बघायचे नाही, असे ठरवून पातेले घासत राहिले.

झाडाची एक बाजू वाळली. ती फांदी कापावी लागली. दुसऱ्या बाजूला मात्र पहिल्या वळिवानंतर तांबूस कोवळी पालवी दिसू लागली आहे. फोडणीपुरती पाने शेजारून मागून आणते. यंदा झाडाला हात लावायचा नाही, असे ठरवले आहे.

सूनबाई आणि नातू परवा पुण्याला परतले. निघताना तिला सांगावे असे फार मनात होते, की तुझे खरे होते. पण एसटी सुटायची घाई, पिशव्यांची मोजदाद, आणि सासूपणाचा जुना संकोच, राहून गेले. हे मासिक तिच्या घरीही जाते आणि ती हे पान वाचते, हे मला ठाऊक आहे. म्हणून येथेच लिहिते. सूनबाई, तुझे खरे होते. आणि या वेळी पिशवीत लाडवांचा डबा एकच ठेवला आहे, तो मोजून बघ.